पहिला मुक्काम का बदलत नाही?

प्रश्न : टॉर ब्राउझरमध्ये (आपली ओळख लपवण्यासाठी मागणी अनेक संगणकांतून फिरवत नेणारा ब्राउझर) एखादे संकेतस्थळ उघडून पत्त्याच्या पट्टीतील सर्किटच्या, म्हणजे मार्गाच्या, चिन्हावर क्लिक केले की आपला मार्ग कोणकोणत्या देशांतून गेला ते दिसते. तीन आठवडे मी पाहतो आहे, दुसरा आणि तिसरा देश सारखा बदलतो, पहिला मात्र जर्मनीच राहतो. नवे सर्किट मागवले तरी तेच. मार्ग चिठ्ठ्या टाकून ठरतो असे वाचले होते. मग हा बिघाड समजायचा, की कोणी पाळत ठेवली आहे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दोन्ही नाही. आपण जे पाहिले ते मुद्दाम तसे ठेवलेले आहे. आपला मार्ग कोणतेही मध्यवर्ती केंद्र ठरवत नाही, तो आपल्याच संगणकावरचा टॉर ठरवतो. चालू असलेल्या रिलेंची, म्हणजे वाटेत मागणी पुढे पोचवणाऱ्या संगणकांची, यादी मोजकी निर्देशिका-यंत्रे आपसांत मतदान करून तासातासाला प्रसिद्ध करतात, आणि या यादीतून टॉर तीन रिले उचलतो. त्यानंतर प्रत्येक रिलेसाठी कूटबद्धीकरणाचा एकेक थर चढवला जातो. कांद्याचा पापुद्रा काढावा तसा प्रत्येक रिले आपल्या वाट्याचा थर उतरवतो. त्यामुळे मधल्या रिलेला मागचा व पुढचा शेजारी तेवढा माहीत असतो. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९०च्या दशकात ही कल्पना आकाराला आली आणि तिला ‘ओनियन’ हे नाव पडले ते या थरांमुळेच.

चिठ्ठ्या टाकल्या जातात हे खरे, पण प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी एकच नसते. ज्या रिलेची वहनक्षमता मोठी, त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या जास्त. नाहीतर एखाद्या घरगुती जोडणीवर चालणाऱ्या रिलेवर डेटासेंटरमधल्या रिलेइतकाच भार पडून सगळेच रखडले असते. शिवाय मार्ग शेवटाकडून आखला जातो. आधी बाहेर पडण्याचा रिले निवडतात, कारण कोणत्या पोर्टवरची (सेवेनुसार क्रमांक दिलेल्या दारावरची) वाहतूक बाहेर सोडायची हे प्रत्येक रिलेचालक स्वतः ठरवतो, आणि टपाल पाठवण्याचे २५ क्रमांकाचे पोर्ट तर मूळ मांडणीतच बंद असते. एकाच चालकाने आपले म्हणून जाहीर केलेले दोन रिले किंवा आयपी पत्त्याचे पहिले दोन भाग सारखे असलेले दोन रिले एका मार्गात घेतले जात नाहीत.

आता आपल्या जर्मनीकडे येऊ. समजा, एकूण चिठ्ठ्यांपैकी दहा टक्के चिठ्ठ्या ज्यांच्या नावाच्या आहेत ते रिले एकाच हेरगिरी करणाऱ्याच्या हाती आहेत. पहिला आणि शेवटचा असे दोन्ही रिले त्याचे निघाले, तर वेळ आणि आकारमान जुळवून आपण कोण व कुठे जात आहात हे तो ताडू शकतो. एका मार्गापुरती ही शक्यता शंभरात एक. पण टॉरमध्ये एक मार्ग नव्या जोडण्यांसाठी साधारण १० मिनिटे वापरला जातो. दर वेळी तिन्ही रिले नव्याने निवडले आणि यंत्र दिवसरात्र चालू राहिले, तर २४ तासांत १४४ मार्ग होतात, आणि त्यांत एकदा तरी सापडण्याची शक्यता सुमारे ७६ टक्क्यांवर जाते. याउलट पहिला रिले काही महिने तोच ठेवला, तर शंभरांपैकी नव्वद जणांना त्या मुदतीत या डावाची भीतीच उरत नाही. उरलेले दहा बहुधा सापडतात, हे मान्य केलेच पाहिजे. पण रोज सगळ्यांनीच जुगार खेळण्यापेक्षा हा सौदा बरा. या पहिल्या रिलेला ‘गार्ड’ म्हणतात. ‘या संकेतस्थळासाठी नवे सर्किट’ हे बटण दाबल्याने गार्ड सहसा बदलत नाही.

प्रश्न : मराठी बातम्यांचे संकेतस्थळही टॉरवरून सावकाश उघडते. सेटिंग्जच्या फाइलमध्ये भारतातील एक्झिट (बाहेर पडण्याचा रिले) सक्तीने निवडावा का? आणि तीनऐवजी पाच रिले घेतले तर अधिक सुरक्षित होईल का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : तसा एक्झिट निवडता येतो, पण निवडू नये. बरेच रिले जर्मनी, नेदरलँड्स व अमेरिकेत आहेत. त्यामुळे पणजीहून निघालेली मागणी बहुधा युरोपला जाऊनच परतणार, एक्झिट कोठेही असो. आणि सगळे एकाच नियमाने चालतात म्हणून त्या गर्दीत आपण लपतो. वेगळा नियम लावला की आपली चाल ओळखू येते.

पाच रिलेंनी विलंब वाढेल, संरक्षण फारसे नाही, कारण वर सांगितलेला डाव दोन टोकांवरून खेळला जातो, मध्ये किती मुक्काम आहेत याला त्यात महत्त्व नसते. आपल्या बाबतीत तर दोन्ही टोके भारतातच असू शकतात. आपल्या इंटरनेट कंपनीच्या तारेवर आणि बातम्यांच्या सर्व्हरच्या तारेवर एकच जण नजर ठेवून असेल, तर मधले तिन्ही रिले प्रामाणिक असूनही तो वेळ जुळवू शकतो. अशा निरीक्षकापासून संरक्षणाचा दावा टॉरच्या रचनाकारांनी २००४ सालच्या मूळ निबंधातही केलेला नाही.