वाचकांचे प्रश्न: ग्रॅब केवढा घ्यायचा, तेल का तापतं आणि ट्रिप बायपास करू का?

या वेळी इलेक्ट्रो-हायड्रॉलिक ग्रॅबवर बरेच प्रश्न आलेत, म्हणजे क्रेनच्या हुकाला लटकणारा तो जबडा, ज्याच्या डोक्यातच मोटर, पंप, तेलाची टाकी, व्हॉल्व्ह सगळं बसवलेलं असतं. चार प्रश्न निवडलेत. पहिल्यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण तो वाचून खरंच काळजी वाटली.

प्रश्न: आमची क्रेन १० टनी आहे, ग्रॅब ५ घनमीटरचा, त्याचं स्वतःचं वजन ४.२ टन. इतके दिवस कोळसा उचलत होतो, काही त्रास नव्हता. आता लोहखनिजाचा बारीक माल आलाय आणि दर खेपेला ओव्हरलोडची ट्रिप होते, म्हणजे भार जास्त झाला की क्रेन आपोआप उचलणं थांबवते. वरून सांगतात की ट्रिप बायपास करा, ग्रॅब तोच आहे, क्रेन तीच आहे, मग अडचण काय? बायपास करू का?

उत्तर: नाही, अजिबात नाही. ती ट्रिप बिघडलेली नाहीये हो, ती तिचं काम करतेय. हिशोब तुम्हीच करून बघा. कोळसा घनमीटरला साधारण ०.८ ते ०.९ टन भरतो, ०.८५ धरला तर ५ घनमीटरचे ४.२५ टन, त्यात ग्रॅबचे ४.२ मिळवले की ८.४५ टन, १० टनी क्रेनला चाललं. लोहखनिजाचा माल घनमीटरला अडीच टन धरा, तोच ग्रॅब भरला की नुसता माल साडेबारा टन आणि ग्रॅबसकट १६.७ टन. आणि कोणी म्हणेल की मग अर्धाच भरू, तर अर्ध्याचे ६.२५ आणि ग्रॅबचे ४.२ मिळून १०.४५ टन होतात, म्हणजे अर्धा भरूनही क्रेन ओव्हरलोडच. शिवाय अर्धाच भरणं ऑपरेटरच्या हातात फारसं नसतं, जबडा ढिगात किती रुततो ते माल आणि ग्रॅब ठरवतात, केबिनमधून डोळ्यांनी टनाचा अंदाज येत नाही.

मुळात गोंधळ इथे होतो की लोक ग्रॅब विचारताना घनमीटर विचारतात आणि क्रेन विचारताना टन, आणि दोन्हींच्या मध्ये ग्रॅबचं स्वतःचं वजन कुठेतरी हरवून जातं. तुमच्याकडे १० मधून ४.२ गेले की उरले ५.८, भागिले अडीच म्हणजे २.३ घनमीटर, पण तिथपर्यंत ताणू नका, कारण पाऊस पडला की ओला माल आणखी जड होतो आणि जबड्याच्या आत चिकटून बसलेला गाळ दर खेपेला फुकट वर-खाली जात राहतो. खनिजासाठी २ घनमीटरच्या आसपासचा, जाड पत्र्याचा आणि झिजेला टिकणाऱ्या ओठांचा वेगळा ग्रॅब मागा, आणि मागताना त्याचं वजन लेखी घ्या, हिशोब त्या आकड्यावर परत करा. तो येईपर्यंत हा माल या ग्रॅबने उचलू नका. ट्रिप बायपास केली की भार आधी ब्रेकवर, रोपवर (तारेच्या दोरावर) आणि गर्डरवर (क्रेनच्या आडव्या तुळईवर) जातो आणि यातलं काहीच पहिल्या दिवशी तक्रार करत नाही, म्हणूनच लोकांना वाटतं की चालतंय. तुम्हाला वरून सांगितलंय ना, मग हाच हिशोब कागदावर लिहून वर द्या, तोंडी वाद घालू नका.

प्रश्न: चार रोपांचा ग्रॅब चांगला की हायड्रॉलिक? आमच्या क्रेनला एकच हूक आहे.

उत्तर: एकच हूक म्हटल्यावर निम्मं उत्तर तिथेच मिळालं. चार रोपांच्या ग्रॅबला क्रेनवर धरायचे रोप वेगळे आणि बंद करायचे वेगळे लागतात, म्हणजे यंत्रणाच दुहेरी. हायड्रॉलिक ग्रॅब साध्या हुकाला अडकवला, केबल रीलवरून वीज दिली की झालं.

दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रोपवाल्या ग्रॅबमध्ये बंद करायचा रोप ओढला की तोच रोप ग्रॅबला वरही उचलू बघतो, म्हणजे ज्या क्षणी जबड्याने मालात घुसायला हवं त्याच क्षणी त्याचं वजन हलकं होतं. हायड्रॉलिकमध्ये बंद करायचा जोर आतल्या सिलिंडरमधून येतो, बाहेरून कोणी ओढत नाही, त्यामुळे पूर्ण वजन मालावर बसलेलं राहतं आणि घट्ट बसलेल्या मालातही तो चांगला चावतो. पण त्यासाठी रोप थोडा सैल सोडावा लागतो, थोडाच, फार सोडला तर ग्रॅब ढिगावर आडवा पडतो आणि केबल मध्ये सापडते. दिवसरात्र वेगाने जहाज रिकामं करायचं असेल तर मात्र चार रोपांचाच बरा, धुळीत लटकणारी मोटर आणि केबल ही हायड्रॉलिकची दुखरी जागा आहे.

आणि जाता जाता, सहा नख्यांच्या ग्रॅबने वाळू उचलता येईल का असंही विचारलंय. नख्यांमध्ये फटी असतील तर वाळू गळत राहणार, तो भंगारासाठी आणि मोठ्या दगडांसाठी. वाळू, कोळसा, धान्य याला शिंपल्यासारखा मिटणारा, दोन भागांच्या जबड्याचाच.

प्रश्न: शिफ्ट सुरू होताना ग्रॅब झकास चालतो, दोन तासांनी बंद व्हायला वेळ लावतो. पंप बदलायचा का?

उत्तर: थांबा, पंपाला एवढ्यात हात लावू नका. तेल तापून पातळ होतंय असं दिसतंय, पातळ तेल पंपात आणि व्हॉल्व्हमध्ये आतल्या आत निसटतं, मग जोर आणि वेग दोन्ही जातात. आधी ऑपरेटरकडे बघा. जबडा मिटल्यावरही बंदचं बटण दाबून ठेवायची सवय असते बऱ्याच जणांना, की माल सुटू नये, पण तेव्हा पंपाचं सगळं तेल रिलीफ व्हॉल्व्हवरून (दाब जास्त झाला की उघडणारा व्हॉल्व्ह) टाकीत परत जातं आणि मोटरची सगळी ताकद नुसती उष्णता होते. माल धरून ठेवायला चेक व्हॉल्व्ह असतो, तो तेलाला मागे फिरू देत नाही, तो ठीक असेल तर मोटर थांबली, अगदी वीज गेली तरी जबडा मिटलेला राहतो. बटण सोडल्यावर जबडा हळूहळू उघडत असेल तर मात्र चेक व्हॉल्व्ह किंवा पिस्टनचं सील गळतंय, ते उघडून बघा. (जबडा मिटलेला आहे म्हणून त्याच्याखालून कोणी जायचं नाही, हे वेगळं सांगायला लागू नये पण सांगतो.)

मग टाकीतली पातळी, फिल्टर, आणि टाकीवर बसलेला धुळीचा थर, तो थर गोधडीसारखा उष्णता आत धरून ठेवतो. आणि केबलचा जोड नव्याने केल्यावर ग्रॅब सुरुवातीपासूनच नीट चालत नसेल तर ती वेगळी तक्रार, तेव्हा मोटर उलटी फिरत नाही ना ते बघा, माझ्या हाताखाली एकदा दोन फेज (मोटरच्या तीन वीजतारांपैकी दोन) अदलाबदल झाले होते आणि आम्ही अर्धा दिवस व्हॉल्व्ह खोलत बसलो, पंप तेवढ्यात खराब झाला.

प्रश्न: मी नवीन आहे. होजमधून (तेलाच्या लवचिक नळीतून) तेल गळतंय पण कुठून ते दिसत नाही, सिनियर म्हणतात हात फिरवून बघ.

उत्तर: हात फिरवू नकोस, हातमोजा घालूनही नाही. या होजमध्ये २०० बार किंवा त्याहून जास्त दाब असू शकतो आणि सुईएवढ्या छिद्रातून येणारी धार डोळ्यांना दिसत नाही पण कातडीतून सरळ आत जाते. ग्रॅब जमिनीवर टेकव, जबडा उघडा ठेव, वीज बंद करून कुलूप लाव, आणि मोटर थांबली तरी सिलिंडरमध्ये दाब अडकलेला असतो तो मॅन्युअलप्रमाणे सोडवून मगच जवळ जा. पुसून कोरडं केलं की ओल कुठून येते ते बहुतेक वेळा कळतं. दाबाखालीच बघावं लागलं तर लांबून पुठ्ठा धरायचा, हात नाही. आणि कोणाला धार लागलीच तर वर फक्त टोचल्यासारखा ठिपका दिसेल, दुखणारही नाही फारसं, तरी लगेच हॉस्पिटलला न्यायचं आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं की जास्त दाबाचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय, ऑपरेशन लागू शकतं, नुसती पट्टी बांधून घरी पाठवू नका.