सरपंचांना ग्रामसभेत शिवीगाळ : हे राजकारण नव्हे, गुन्हा आहे

प्रश्न : महिलांसाठी राखीव जागेवरून मी सरपंच झाले. पाणीपुरवठा योजनेचे एक बिल अडवल्यावर ग्रामसभेत एका माजी सदस्याने सर्वांदेखत माझ्या चारित्र्यावरून घाणेरडे शब्द वापरले आणि त्याच रात्री गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा बनावट अश्लील फोटो फिरला. पोलीस ठाण्यात ‘हे राजकारण आहे, आपसात मिटवा’ असे सांगून केवळ अदखलपात्र (म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत अशी) नोंद घेतली. याला दोन महिने झाले. घरचे राजीनामा द्या म्हणतात. मी काय करावे?
— एक सरपंच, मराठवाडा

उत्तर : तुमच्यावरचा हल्ला तुम्ही बिल अडवले म्हणून झाला आहे, आणि म्हणूनच तो आपसात मिटवण्याचा विषय नाही. राजस्थानातील भटेरी गावात बालविवाह रोखण्याचे सरकारी काम करणाऱ्या भंवरीदेवींवर 1992 मध्ये सामूहिक बलात्कार झाला, तोही त्या कामाचा सूड म्हणूनच. 1995 मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. त्यांच्यावरील अन्यायातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा 1997 चा ‘विशाखा’ निकाल आला आणि पुढे त्याच विषयावर 2013 चा कायदाही झाला, पण त्यांना स्वतःला मात्र न्याय मिळाला नाही. महाराष्ट्राने 2011 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखल्या; त्या जागेवर बसलेल्या बाईला शिव्या देऊन उठवता येत असेल, तर आरक्षण कागदावरच राहते.

आता पोलिसांविषयी. नुसता अपमान किंवा साधी धमकी असे लिहिले की प्रकरण अदखलपात्र ठरते, आणि बहुतेक तक्रारी तेथेच अडकतात, कारण संकोचापोटी आपण ‘अश्लील शिवीगाळ केली’ एवढेच लिहून थांबतो. तसे करू नका. जे शब्द उच्चारले गेले ते जसेच्या तसे, कोणी, कधी, कोणासमोर उच्चारले यासह लिहा. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने शब्द उच्चारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 79 खाली दखलपात्र गुन्हा आहे. अश्लील फोटो पसरवण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 67 लागू होते. तुम्ही अनुसूचित जाती किंवा जमातीच्या असाल आणि गैरअनुसूचित व्यक्तीने तुम्हाला पंचायतीचे काम करण्यापासून रोखले असेल, तर अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम 3(1)(एम) नेमके त्यासाठीच आहे.

कलम 79 च्या गुन्ह्याची माहिती महिला पोलीस अधिकाऱ्याने नोंदवून घ्यायची असते आणि एफआयआरची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळायला हवी. कलम 79 खालील माहिती जाणूनबुजून न नोंदवणाऱ्या लोकसेवकाला न्याय संहितेच्याच कलम 199 नुसार किमान सहा महिने सश्रम कारावास होऊ शकतो; हे लेखी अर्जात शांतपणे नमूद करा आणि अर्जाची पोच घ्या. तरीही गुन्हा नोंदवला नाही, तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. तेथेही दाद लागली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाच्या कायद्याच्या) कलम 175(3) खाली प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. वकिलाच्या खर्चाची चिंता करू नका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही महिलेला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते.

पुराव्याकडे आजपासूनच लक्ष द्या. ज्या फोनवर तो फोटो आला तो फोन विकू नका, मेसेज पुसू नका आणि स्क्रीनशॉटमध्ये पाठवणाऱ्याचा क्रमांक, तारीख व वेळ दिसेल असे पाहा. ग्रामसभेच्या इतिवृत्ताची प्रमाणित प्रत मागून घ्या. सभेला हजर असलेल्या बचतगटातील बायकांपैकी कोणी जबाब द्यायला तयार असेल, तर तिचे नाव तक्रारीत घाला. गावकीत साक्षीला उभे राहणे सोपे नसते, म्हणून तिला आधी विश्वासात घ्या.

दोन महिने उलटल्याने हक्क बुडालेला नाही. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्यास न्यायालयाला तीन वर्षांची मुदत असते. मात्र पहिल्यांदा ठाण्यात कधी गेलात आणि काय सांगून परत पाठवले, हे नव्या तक्रारीत तारखेसह लिहा. राजीनाम्याचा विचार एफआयआर हाती येईपर्यंत तरी बाजूला ठेवा आणि ते बिलही तपासल्याशिवाय मंजूर करू नका.