एकदम तीन धंदे सुरू करू का?

नोकरी सुटलेली किंवा सुटण्याच्या बेतात असलेली माणसं माझ्याकडे सल्ल्याला येतात, तेव्हा "कोणता धंदा करू?" असं फार कमी जण विचारतात. "दोन-तीन एकदम सुरू केले तर?" हे जास्त. कारणही ठरलेलं: एक बसला तर दुसरा तारेल.

नागपूरच्या मानेवाड्याकडचे एक गृहस्थ असेच आले. (ओळख पटेल ते सगळं बदललं आहे.) पन्नाशीला टेकलेले, बुटीबोरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. कारखान्यानं माणसं कमी केली, हिशेबाचे पैसे हातात आले. वहीत तीन धंदे मांडूनच आणले होते. उन्हाळ्यात कूलर भाड्यानं द्यायचे, दुरुस्तही करायचे. वर्षभर जेवणाचे डबे. आणि आंबिया बहाराचा संत्रा कळमन्याच्या बाजारात उतरला की संत्रा बर्फी.

"मॅडम, एकच धरला अन् तो बुडाला तं लोक काय म्हणतीन? तीन असले तं एक तं चालनच ना."

वही बघून मला कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू. नागपुरात फेब्रुवारी सरता सरता कूलरच्या ताट्या बदलायची घाई सुरू होते, मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला भिडला की कसलाही खडखडणारा कूलर भाड्यानं जातो, आणि पाऊस लागला की फोन बंद. आंबिया संत्रा दिवाळीच्या आसपास येतो. एकाचा हंगाम सरतो तिथून दुसऱ्याचा चढतो. कोणीही हो म्हणालं असतं.

पण वहीत होते ते विक्रीचे महिने. मी त्यांना दुसरं पान घ्यायला लावलं आणि पैसे बाहेर जायचे महिने लिहायला सांगितले. पंप, मोटरी, जाळ्या थंडीतच घेऊन ठेवाव्या लागतात, हंगामात भाव चढतो. बर्फीचा संत्रा, साखर, पॅकिंगही त्याच दिवसांत, आणि नव्या माणसाला उधारी कोण देतो? डब्याचं गिऱ्हाईक महिना भरल्यावर पैसे देतं, किराणा मात्र रोज लागतो. नोव्हेंबर ते जानेवारी तिन्ही धंदे एकाच खिशात हात घालणार होते. लिहिता लिहिता त्यांचं त्यांनाच कळलं. मला बोलावं लागलं नाही.

पुढच्या बैठकीला ताईंनाही, म्हणजे त्यांच्या पत्नीलाही, घेऊन या, म्हटलं. तेव्हा प्रत्येक कामापुढे ते कोण करणार हे लिहायचं होतं. कूलरपुढे त्यांचं स्वतःचं नाव. पहाटेचा स्वयंपाक, डबे भरणं, बर्फी घोटणं, पॅकिंग, फोन घेणं, हिशेब या सगळ्यांपुढे ताईंचं. ताईंनी कागद शांतपणे वाचला.

"डबे करीन मी. पण दिवाळीत बर्फीच्या कढईपाशी कोण उभं राहीन?"

"तूच... म्हंजे, आपण बाई ठेवू ना."

मग बाईचा पगार डब्याच्या खर्चात धरायला लावला. नफा निम्म्याहून खाली आला. घरच्या बाईचे कष्ट फुकट धरले की कुठलाही घरगुती धंदा नफ्याचा दिसतो. हे मी इतक्या वह्यांमध्ये पाहिलं आहे की आता आधी तीच ओळ शोधते.

कागदपत्रांबद्दलही एक गैरसमज होता. तीन पाट्या लावल्या की तीन धंदे सुटे, एकाचं देणं दुसऱ्याला लागत नाही. तसं नसतं. एकट्याच्या मालकीचे धंदे असले की कर्ज त्या माणसाचंच. एकाचा हप्ता थकला की नोंद त्याच्याच नावावर होते आणि दुसऱ्या धंद्यासाठी बँकेत गेलं तरी तीच दिसते. जीएसटीसाठी एका पॅनवरची सगळी उलाढाल एकत्र मोजतात. नुसता माल विकला तर नोंदणीची मर्यादा ४० लाख रुपये, पण सोबत दुरुस्तीसारखी सेवा आली की एकूण उलाढालीला २० लाखांची. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंद, तीही एकच होते, कामं हवी तितकी जोडता येतात.

राहिले ते "लोक". लोक म्हणजे कोण, असं विचारलं. बराच वेळ इकडेतिकडे केल्यावर ताईंचे थोरले भाऊ निघाले. इतवारीत दुकान आहे त्यांचं. ताई खुदकन हसल्या. तीन धंद्यांपैकी निदान एक त्यांना दाखवण्यापुरता चालू राहावा, अशी ती सोय होती. यात हसण्यासारखं काही नाही. पंचवीस वर्षं एका नोकरीत काढलेल्या माणसाला नापास व्हायची भीती वाटणारच. फक्त त्या भीतीपायी दोन जादा धंद्यांचं भांडवल घालणं फार महाग पडतं.

मी दोन धंद्यांना सरसकट नाही म्हणत नाही. दोन भाऊ आहेत, दोघांचे हात वेगळे, पैसा वेगळा, आणि किती पैसे गेले की बंद करायचं हे दोघांनी आधी लिहून ठेवलंय, तर खुशाल करा. इथे तसं काहीच नव्हतं. पण मोटर खोलणारा हात होता.

त्यांनी दुरुस्तीपासून सुरुवात केली. भाड्याचे कूलर त्या वर्षी घेतले नाहीत. ताट्या, पंप, मोटर एवढंच, स्कूटरवर मावेल इतक्या सामानावर. डबे ताईंनी त्यांच्या अटीवर घेतले: गल्लीत खोली करून राहणाऱ्या पोरांचे, निम्मे पैसे आगाऊ, रविवारी चूल बंद. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं गावी गेली की तेही बंद. बर्फी वहीतच राहिली आणि तिच्याबद्दल मला फारसं वाईट वाटलं नाही. या शहरात ती विकणारे आधीच कमी नाहीत.

थंडी पडली तेव्हा कूलरच्याच गिऱ्हाइकांचे गीझर बघायला फोन येऊ लागले. हा दुसरा धंदा वहीत कुठेच नव्हता. भांडवल म्हणून त्यांना एक टेस्टर आणि थोडे सुटे भाग लागले, तेही पहिल्याच कमाईतून आले.