नव्वद टक्के लसीकरण गोवरासाठी पुरेसे आहे का?

प्रश्न : आमच्या परिसरात दहापैकी नऊ मुलांना गोवराची लस मिळाली आहे, असे समजले. तरीही साथीची भीती बाळगण्याचे कारण आहे का? माझ्या मुलाला नवव्या महिन्यात पहिला डोस दिला होता, दुसरा राहून गेला आहे. तो आता नाही दिला तर चालेल का?

उत्तर : कृपया दुसरा डोस टाळू नका. उशीर झाला असला तरी तो देता येतो आणि त्यासाठी पहिला डोस पुन्हा घ्यावा लागत नाही.

गोवराचा विषाणू हवेतून पसरतो आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही सुमारे २ तास तिथे टिकू शकतो. पुरळ उठण्याच्या ४ दिवस आधीपासूनच संसर्ग होऊ लागतो, म्हणजे घरच्यांना साधा सर्दी-ताप वाटत असतानाच मुलाकडून वर्गातल्या इतरांना लागण झालेली असते. त्यामुळे साथ रोखण्यासाठी किमान ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस पूर्ण व्हावे लागतात.

आपल्याला समजलेला आकडा कोणत्या डोसचा आहे, याची आधी चौकशी करावी. नवव्या महिन्यात दिलेल्या एका डोसाने सुमारे ८५ टक्के मुलांनाच संरक्षण मिळते. म्हणजे १०० पैकी ९० मुलांना केवळ हा डोस मिळाला असेल, तर प्रत्यक्षात सुरक्षित मुले ७६-७७च असतात. दोन डोसांनंतर संरक्षणाचे प्रमाण सुमारे ९७ टक्क्यांवर जाते.

माझ्या मते अधिक काळजीची बाब वेगळीच आहे. लस न घेतलेली मुले सर्वत्र सारखी विखुरलेली नसतात. ती एखाद्या वस्तीत, एखाद्या शाळेत किंवा सतत स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत एकवटलेली असतात, आणि सरासरीच्या आकड्यात ती दिसत नाहीत. दरवर्षी सुटलेली थोडी थोडी मुले साचत जातात आणि काही वर्षांनी एकच रुग्ण साथीला पुरेसा ठरतो. सामोआ या सुमारे २ लाख लोकवस्तीच्या देशात २०१८ मध्ये लस चुकीच्या औषधात मिसळली गेल्याने दोन बालके दगावली. दोष लसीचा नव्हता, पण लोकांचा विश्वास उडाला आणि लसीकरण कोसळले. पुढच्याच वर्षी आलेल्या गोवराच्या साथीत ८३ जणांचा बळी गेला, त्यांत बहुसंख्य पाच वर्षांखालील मुले होती. लस घेण्याच्या वयाची नसलेली तान्ही बाळे तर पूर्णपणे भोवतालच्यांच्या लसीकरणावर अवलंबून असतात, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

दरम्यान मुलाचा गोवराच्या रुग्णाशी संपर्क आलाच, तर ७२ तासांच्या आत दिलेल्या लसीनेही आजार टळू शकतो किंवा सौम्य होऊ शकतो. पुरळ दिसू लागले असेल, तर दवाखान्यात नेण्यापूर्वी फोनवर तशी कल्पना द्यावी, म्हणजे प्रतीक्षागृहातल्या इतर बाळांपासून त्याला दूर ठेवता येईल.