टार्सियर : ओल्या नाकाचा की कोरड्या?

प्रश्न : माझ्या संग्रहातील जुन्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकात टार्सियर हा प्राणी लेमूर आणि लोरिस यांच्या पंक्तीला बसवला आहे, तर मुलीच्या नव्या पुस्तकात तो माकडांच्या बाजूला गेला आहे. यांपैकी कोणते बरोबर मानावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मुलीचे पुस्तक बरोबर आहे, परंतु जुने पुस्तक रद्दीत घालण्यापूर्वी त्यामागचा विचार समजून घ्यावा. नरवानर गणातील, म्हणजे माणूस, माकडे, लेमूर, लोरिस आदींच्या सस्तन गटातील, जे प्राणी अंगाने लहान, बहुधा निशाचर आणि मेंदूच्या मानाने मागे राहिलेले, त्या सर्वांची मोट पूर्वी ‘प्रोसिमियन’ या एका नावाखाली बांधली जात असे. टार्सियर जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम वजनाचा, रात्री हिंडणारा आणि पायाच्या दोन बोटांवर अंग विंचरण्याचे टोकदार नख बाळगणारा प्राणी असल्यामुळे तो आपसूकच त्या मोटेत गेला. अशा गटावरून मागे कोण राहिले एवढे कळते; कोण कोणाचा भाऊबंद हे कळत नाही, आणि आजच्या वर्गीकरणाला हवे असते ते नेमके हेच.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक रेजिनाल्ड पोकॉक यांनी 1918 मध्ये ही गाठ सोडवली ती नाकावरून. घरच्या कुत्र्याचे नाक जवळून पाहिले, तर शेंडा उघडा, ओलसर आणि खरबरीत दिसतो. त्याच्या मधोमध एक खाच असते आणि ती खाली उतरून वरच्या ओठाला हिरडीशी जखडून टाकते. लेमूर आणि लोरिस यांचे नाक याच घडणीचे आहे. टार्सियरच्या नाकपुड्यांभोवती मात्र आपल्यासारखी कोरडी त्वचा असून तिच्यावर बारीक केस असतात, आणि त्याचा वरचा ओठ मोकळा असतो. म्हणून पोकॉक यांनी टार्सियर, माकडे, कपी (गोरिला, चिंपांझी यांसारखी बिनशेपटीची वानरे) आणि मानव यांना ‘हॅप्लोऱ्हाइन’ म्हणजे साध्या, कोरड्या नाकाच्या शाखेत एकत्र ठेवले.

एका नाकावर एवढा मोठा निवाडा द्यावा का, अशी शंका रास्त आहे. पुढे मिळालेले पुरावे मात्र याच बाजूने साक्ष देतात. टार्सियरची वार, म्हणजे गर्भाला पोसणारा अवयव, माकडांच्या वारेसारखी मातेच्या रक्ताशी थेट भिडते. लेमूर आणि लोरिस आपल्या शरीरातच ‘क’ जीवनसत्त्व तयार करतात. टार्सियरला, माकडांना आणि आपल्याला ते जमत नाही, कारण त्यासाठी लागणारे जनुक आपल्या समाईक पूर्वजातच निकामी झाले. आपल्याला आवळ्या-लिंबाची गरज भासते त्याचे मूळ इतके जुने आहे. डीएनएमध्ये जागा बदलत फिरणारे काही तुकडे टार्सियर आणि माकडे यांच्यात नेमक्या त्याच ठिकाणी रुतलेले आढळतात, आणि असा योगायोग पुन्हापुन्हा घडणे जवळजवळ अशक्य असते.

मला स्वतःला सर्वांत बोलका वाटतो तो डोळा. रात्री विजेरीच्या झोतात मांजराचे डोळे चमकतात, कारण दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा आरशासारखा थर असतो. लेमूर आणि लोरिस यांनाही तो आहे. टार्सियर पक्का निशाचर असूनही त्याला तो नाही. उलट दिवसा बारकावे टिपण्यासाठी माकडांच्या दृष्टिपटलावर जो सूक्ष्म खळगा असतो, तो त्याच्याकडे आहे. बहुतेक अभ्यासकांना पटणारे स्पष्टीकरण असे, की याचे पूर्वज एकदा दिवसाचे प्राणी झाले आणि तो आरसा गमावून बसले. वंशज पुन्हा रात्रीकडे वळले तेव्हा गेलेला आरसा परत आला नाही, म्हणून डोळाच वाढत गेला. आज त्याच्या एकेका डोळ्याचा व्यास सुमारे 16 मिलिमीटर आहे आणि तो जवळजवळ त्याच्या मेंदूएवढा भरतो. एवढा डोळा खोबणीत फिरवता येत नाही, म्हणून टार्सियर घुबडासारखी मानच दोन्ही बाजूंना जवळपास 180 अंशांपर्यंत वळवतो. जुन्या पुस्तकाने ज्या डोळ्यांकडे पाहून त्याला लेमूरशेजारी बसवले, तेच डोळे त्या पुस्तकाविरुद्ध साक्ष देतात, असे म्हणावे लागेल.

प्रश्न : ‘टार्सियर’ या नावाचा अर्थ काय, आणि तो काय खातो? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : घोट्याच्या हाडांच्या समूहाला ‘टार्सस’ म्हणतात. टार्सियरच्या घोट्यातील दोन हाडे, त्यांत टाचेचेही एक, विलक्षण लांबलेली असल्याने त्याच्या पायाला जणू एक जादा सांधा मिळाला आहे. त्या जोरावर तो एका खोडावरून दुसऱ्या खोडावर स्वतःच्या लांबीच्या कितीतरी पट झेप घेतो. फळ-पाल्याला तो तोंडही लावत नाही. किडे, सरडे, प्रसंगी लहान पक्षी आणि साप हेच त्याचे अन्न. नरवानर गणात पूर्णतः मांसाहारी असा हा एकटाच.

प्रश्न : टार्सियरच्या जाती किती आहेत? भारतात तो कधी होता का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : 2010 पासून टार्सियर कुलात तीन वंश मानले जातात : फिलिपिन्समधील ‘कार्लिटो’, बोर्निओ-सुमात्रा भागातील ‘सेफॅलोपॅकस’ आणि सुलावेसी व भोवतालच्या बेटांवरील ‘टार्सियस’. जातींची संख्या दहाच्या वर आहे आणि त्यांपैकी बहुतेक सुलावेसीच्या आहेत. तेथील नर-मादी पहाटे झोपण्याच्या जागी परतताना जोडीने गातात. दिसायला सारख्या असलेल्या जाती या युगुलगीतांच्या फरकावरून वेगळ्या ओळखता येतात. 2017 मध्येही उत्तर सुलावेसीतून दोन नव्या जातींची नोंद झाली.

भारतात आज टार्सियर नाही. मात्र सुरत जिल्ह्यातील वस्तानच्या लिग्नाइट खाणीत सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या आद्य नरवानरांची हाडे व दात सापडले आहेत, आणि त्यांत टार्सियरच्या दूरच्या आप्तांपैकी समजल्या जाणाऱ्या ओमोमिइड गटाचेही अवशेष आहेत.

प्रश्न : फिलिपिन्सच्या सहलीत बोहोल बेटावर टार्सियर दाखवतात. त्रास झाला तर तो डोके आपटून आत्महत्या करतो, हे खरे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आत्महत्या हा माणसाचा शब्द आहे, तो येथे लागू करू नये. घाबरलेला टार्सियर पिंजऱ्यावर आपटून जखमी होतो आणि बंदिवासात तो फार काळ तग धरत नाही, एवढे खरे. म्हणून कोरेला येथील अभयारण्यात, झाडावर असलेला टार्सियर पाहावा. दिवसा तो फांदीला बिलगून झोपलेला असतो. डोळे उघडलेच, तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली दिसेल. फ्लॅश मात्र बंद ठेवावा.