कूलरचं पेटंट: पेड सॉफ्टवेअर घेण्याआधी हे कर

आधी प्रश्न नीट समजलाय का ते सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये तुम्ही दोन टप्प्यांचा कूलर बनवलाय, बाहेरची हवा आधी ओल्या पट्ट्यांच्या शेजारच्या कोरड्या फटींमधून जाते, थोडी थंड होते आणि मग ताटीतून (कूलरच्या ओल्या पॅडमधून) खोलीत येते, म्हणून चिकचिक कमी. गुगल पेटंट्सवर 'डेझर्ट कूलर' टाकून पाहिलं तर असं काही दिसलं नाही, एआय चॅटबॉटला विचारलं तर तो म्हणाला नवीन वाटतंय, आणि आता तुला पेड सर्च सॉफ्टवेअर घ्यायचंय आणि रिपोर्टमध्ये टाकायला ग्राफ पाहिजेत.

सॉफ्टवेअर घेऊ नको बाप्पा. डरवेंट, ऑर्बिट, पॅटस्नॅप ही सगळी चांगली आहेत पण ती मोठ्या कंपन्यांच्या बजेटची कामं, आणि खरं सांगू का, तुझी अडचण सॉफ्टवेअरची नाहीच. 'डेझर्ट कूलर' हा शब्द आपण नागपुरात वापरतो, पेटंट लिहिणारा वकील काहून वापरेल? तो लिहिणार इव्हॅपोरेटिव्ह कूलिंग, वेटेड मीडिया, हीट अँड मास एक्स्चेंजर, आणि चीनमधला माणूस तर चिनीत लिहिणार. म्हणजे शब्दांच्या मागे लागून तू कितीही भारी टूल घेतलंस तरी अर्धं हातचं सुटणारच.

त्यापेक्षा क्लासिफिकेशनने शोध. प्रत्येक पेटंटला तपासणारे ऑफिसवाले कप्पे लावतात, त्यातला सीपीसी हा प्रकार युरोप आणि अमेरिकेची पेटंट ऑफिसं मिळून चालवतात, २०१३ पासून, आणि त्यात साधारण अडीच लाख कप्पे आहेत. एस्पासनेट उघड (युरोपियन पेटंट ऑफिसचं, फुकट, १५ कोटींच्या वर पेटंटचे कागद), त्यात क्लासिफिकेशन सर्च म्हणून भाग आहे, तिथे साध्या इंग्रजीत 'इव्हॅपोरेटिव्ह कूलिंग' टाक, ते तुला कप्पे सुचवतं. तुझ्या कामाचा मुख्य कप्पा एफ२४एफ ५/००३५, म्हणजे बाष्पीभवन वापरणारी एअर कंडिशनिंग. शेजारी एफ२४एफ ६/०४ बघ, त्यात न हलणाऱ्या ओल्या ताट्या येतात, आणि एफ२८डी ५ बघ, त्यात बाष्पीभवनाने थंड होणारे हीट एक्स्चेंजर येतात, तुझ्या कोरड्या फटी बहुतेक तिथेच सापडतील. (टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं.) मग त्या कप्प्याच्या आत शब्द लाव, कप्पा आणि शब्द दोन्ही मिळून. हे केल्यावर शून्य रिझल्टवरून थेट हजारो कागदांवर येशील, घाबरू नको, तीच खरी परिस्थिती आहे.

आता यातून वाट काढायची ती सायटेशनने. तुझ्या मशीनच्या सगळ्यात जवळचा एक कागद पकड, त्याने मागचे कोणते कागद सांगितलेत ते बघ, आणि नंतर कोणी कोणी त्याचा उल्लेख केलाय तेही बघ, गुगल पेटंट्सवर दोन्ही याद्या खालीच असतात, शिवाय सिमिलर डॉक्युमेंट्सची यादी असते ती पण चाळ. त्या यादीतला अजून जवळचा घे, परत तेच. असं करत गेलास की एक वेळ येते जेव्हा नवीन काही यायचं बंद होतं आणि तीच तीच कागदं फिरून समोर येतात. तिथे थांब. मंगळवारी सुरू करून शुक्रवारपर्यंत कंटाळा आला म्हणून थांबणं वेगळं आणि हे थांबणं वेगळं.

तुला काय सापडेल ते थोडं आत्ताच सांगून टाकतो, वाईट वाटून घेऊ नको. व्हॅलेरी मैसोत्सेन्को नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच, ओल्या आणि कोरड्या वाटा शेजारी ठेवून हवा ड्यू पॉइंटच्या (हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्या तापमानाच्या) जवळ नेण्याचं काम केलंय, जगात एम-सायकल म्हणून ओळखतात, आणि अमेरिकेत त्यावर २००० च्या दशकात पेटंट्स मिळालेली आहेत. साध्या कूलरची हवा जास्तीत जास्त वेट बल्बच्या तापमानापर्यंत (ओलं कापड गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो ते) उतरते, ही पद्धत त्याखाली नेऊ शकते. म्हणजे 'दोन टप्पे' ही तुमची मूळ कल्पना नवीन नाही. पण तुमचं पेटंट होणारच नाही असं मी म्हणत नाहीये. पट्ट्या कशाच्या केल्या, बोअरच्या खाऱ्या पाण्याचे थर बसू नयेत म्हणून काही केलंय का, पाणी खालून वर कसं ओढलं, पट्ट्या काढून धुता येतात का, खरं काही असेल तर ते इथे असेल.

म्हणून एक टेबल कर. डाव्या बाजूला तुमच्या मशीनची एकेक वैशिष्ट्यं, अगदी बारीक तोडून, आणि वर सापडलेले जवळचे पाच-सात कागद. जिथे आहे तिथे खूण आणि पान नंबर. एकाच कागदात सगळ्या ओळींना खूण आली तर नावीन्य संपलं. दोन कागद मिळून सगळ्या ओळी भरल्या तर प्रश्न इन्व्हेंटिव्ह स्टेपचा, म्हणजे त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ते दोन जोडायचं सहज सुचलं असतं का, आणि इथे वाद घालायला जागा असते. हे टेबल कुठलंच सॉफ्टवेअर तुझ्यासाठी नीट भरून देत नाही आणि पेटंट एजंटकडे गेलास तर तो पहिल्यांदा हेच मागेल.

वाचताना एक गल्लत बरेच जण करतात. नावीन्य तपासताना फक्त क्लेम (शेवटी ज्या कलमांत अर्जदार आपला हक्क मांडतो ती) वाचून चालत नाही, पूर्ण वर्णन आणि चित्रं मोजली जातात, एखाद्या आकृतीत तुमची फट दिसत असेल आणि क्लेममध्ये तिचं नावही नसेल तरी ती तुमच्या विरुद्ध जाते. क्लेम बारकाईने वाचायचे ते उद्या हिंगणा एमआयडीसीत शेड घेऊन कूलर विकायचे ठरवलेत तर, कारण दुसऱ्याचा हक्क किती दूरपर्यंत जातो ते क्लेमवरून ठरतं. तिथे परत गंमत आहे, पेटंट देशापुरतं असतं आणि अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचं असतं. अमेरिकेत आहे पण भारतात घेतलंच नाही, किंवा मुदत संपली, असं असेल तर ते बनवायला इथे कोणी अडवत नाही. २००१-०२ च्या आसपासचे या विषयातले अर्ज आता वीस वर्षं ओलांडून गेलेत. मला विचारशील तर पेटंट मिळवण्यापेक्षा या जुन्या कागदांमधून शिकून चांगला कूलर बनवणं हा जास्त फायद्याचा धंदा आहे, पण ते तुझ्या गाइडला सांगू नको.

चिनी कागद गाळू नको. तिथे युटिलिटी मॉडेल म्हणून छोटा प्रकार आहे, कागदाच्या नंबरमागे यू असतं, पूर्ण तपासणी न होता मिळतो म्हणून लोक त्याला किंमत देत नाहीत, पण छापलेला आहे म्हणजे प्रायर आर्ट (आधीच जगाला माहीत असलेलं) आहे. एस्पासनेट आणि गुगल दोघंही मशीन भाषांतर देतात, भाषांतर ओबडधोबड असतं पण चित्रं खोटं बोलत नाहीत.

भारतातलं बघायला इनपास, म्हणजे भारतीय पेटंट ऑफिसची फुकट सर्च साइट. भारतीय कागद गुगलवर पूर्ण मिळतील असा भरवसा ठेवू नको. इनपासमध्ये पब्लिश्ड आणि ग्रँटेड दोन्हीवर टिक कर, कॅप्चा भर, आणि साइट रुसली तर सकाळी लवकर बस. त्यातला खरा खजिना म्हणजे अर्जाचं स्टेटस उघडून आतले कागद बघणं, परीक्षकाने पहिल्या रिपोर्टमध्ये काय काय आक्षेप घेतले, कोणते जुने पेटंट दाखवले, अर्जदाराने उत्तर काय दिलं, सगळं तिथे आहे. कूलरच्या दोन-तीन अर्जांचे असे रिपोर्ट वाच, परीक्षक कसा विचार करतो ते क्लासपेक्षा जास्त कळेल.

आणि जे कुठेच दिसत नाही त्याचं काय, तर अर्ज साधारण १८ महिने गुप्त असतो, मग प्रसिद्ध होतो. त्या खिडकीतलं कोणालाच दिसत नाही, फुकटवाल्याला नाही आणि लाखो रुपये भरणाऱ्यालाही नाही.

चॅटबॉटबद्दल: शब्द सुचवायला, चिनी परिच्छेद सोपा करून घ्यायला वापर. पण तो सांगेल तो पेटंट नंबर एस्पासनेटवर टाकून बघितल्याशिवाय रिपोर्टमध्ये टाकू नको, नसलेले नंबर तो एकदम आत्मविश्वासाने देतो. वाक्यात वर्णन टाकून शोधायचं असेल तर पीक्यूएआय नावाचं फुकट टूल आहे, ते निदान खरे कागद काढून देतं.

ग्राफसाठी लेन्स नावाची पेटंट शोधायची साइट, ऑस्ट्रेलियातून चालते, फुकट खातं उघड. वर्षवार, अर्जदारवार, देशवार चार्ट तिथेच बनतात, यादी डाउनलोड करून एक्सेलमध्ये पिव्होट पण करता येते. फक्त शेवटच्या दीड-दोन वर्षांत रेषा खाली पडलेली दिसेल त्यावर 'संशोधन घटत आहे' असं लिहू नको, ती तीच १८ महिन्यांची खिडकी आहे. एकच शोध पाच देशांत टाकला की पाच कागद होतात म्हणून फॅमिली (एकाच शोधाच्या सगळ्या कागदांचा गट) मोजायची, कागद नाही. आणि एकाच कंपनीची चार स्पेलिंग असतात ती आधी एक कर, नाहीतर पहिल्या दहात तीच कंपनी तीनदा येते आणि व्हायवाला नेमकं तेच विचारतात.

तू नागपूरचाच आहेस तर सिव्हिल लाइन्समध्ये एक चक्कर मार. १९८० मध्ये सुरू झालेली पेटंट इन्फर्मेशन सिस्टिम आणि राजीव गांधी बौद्धिक संपदा संस्था तिथेच आहेत, ट्रेनिंग घेतात. मात्र अर्ज तिथे टाकायचा नसतो, महाराष्ट्राचा अर्ज मुंबई ऑफिसच्या हद्दीत जातो आणि आता तो बहुतेक ऑनलाइनच भरतात. कॉलेजच्या प्रदर्शनात कूलर मांडायच्या आधी निदान प्रोव्हिजनल (तारीख पकडून ठेवणारा प्राथमिक अर्ज) टाका, व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आहे, पूर्ण वर्णन द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात. यूट्यूबवर व्हिडिओ टाकायचा विचार असेल तर तोही त्यानंतरच, स्वतःचा व्हिडिओसुद्धा स्वतःच्याच अर्जाच्या आड येतो.

टेबल झालं की सापडलेल्या कागदांचे नंबर इथे टाक, मी बघतो. तुमच्या पट्ट्यांचं डिझाइन मात्र टाकू नको, इथे लिहिलेलं पण जगजाहीरच धरतात.