पहिल्या शॉटमध्ये हात

प्रिय,

तुझ्या थ्रिलरच्या तिन्ही सुरुवाती वाचल्या. "ज्याला दाखवावं तो वेगळीच निवडतो, आता माझं मलाच कळेनासं झालंय," असं लिहिलंयस. मी तिसरी निवडतो. बाई दोन कप विसळते, पुसते, एक कपाटात ठेवते आणि दुसरा पर्समध्ये टाकते. कुणीतरी येऊन गेलंय, ते हिला लपवायचंय आणि ही घाबरलेली असली तरी हात कापत नाहीत. सिनेमा कुठल्या जातीचा, बाई कशी, गोष्ट कुठून निघणार, सगळं त्या सिंकपाशी आलं. आणि लगेच खाली तू तिला मैत्रिणीला फोन करून सगळं सांगायला लावलंस! का गं? तो फोन आधी काप.

पहिल्या शॉटमध्ये हात हवेत, काहीतरी करणारे हात. हे मी तुला याआधीही सांगितलंय, तरी पुन्हा सांगतो.

फ्रिट्झ लांगचा १९३१ चा 'एम' पुन्हा बघ. आई कपडे धुतेय. घड्याळात बारा वाजतात, ती हात पुसते, किंचित हसते आणि मुलीसाठी ताट मांडायला लागते. बस. पुढे जिन्यावरून हाक मारते, जिना रिकामा; टेबलावरचं ताट तसंच. मुलीचा खून दाखवलेलाच नाही. पण ते ताट मांडणारे हात आपण पाहिलेले असतात, म्हणून रिकामं ताट बघवत नाही. हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'त पहिल्यांदा दिसते ती शिडीची आडवी दांडी, मग ती पकडणारा हात. 'रिअर विंडो'त नायक झोपलेला आहे, हात स्वस्थ आहेत, पण कॅमेरा प्लास्टरमधल्या पायावरून फुटलेल्या कॅमेऱ्याकडे आणि तिथून रेसच्या गाडीच्या अपघाताच्या फोटोकडे जातो. या हातांनी तो फोटो काढला आणि त्यातच पाय मोडला, ते एकाही संवादाशिवाय कळतं.

तुझी पहिली सुरुवात, प्रेत आणि मग 'आठ दिवसांपूर्वी'ची पाटी, ती माझ्यासमोर पुन्हा आणू नकोस. चिडून लिहितोय, कारण ती चूक माझी आहे. माझ्या पटकथेत एक म्हातारा दुकान बंद करताना गल्ला मोजायचा आणि एक नोट घडी करून बुटात ठेवायचा. निर्माते म्हणाले, यात काही घडतच नाही, प्रेत आधी दाखवा. मी मान डोलावली. थिएटरात त्या म्हाताऱ्यावर सुरी उगारली गेली तेव्हा कुणी श्वाससुद्धा रोखला नाही. तो मरणार हे आम्हीच सांगून बसलो होतो.

तू म्हणशील, तेव्हा भांडला का नाहीत? घरभाडं थकलं होतं, हे खरं आहे. ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल'ची सुरुवातही हातांचीच: बॉम्बचा टायमर लावणारे हात, मग तो बॉम्ब गाडीच्या डिकीत, आणि तीन मिनिटांहून लांब एकच शॉट. १९५८ मध्ये स्टुडिओनं त्या शॉटवर श्रेयनामावली चढवली. सिनेमा कसा जुळवायला हवा, याचं ५८ पानी टिपण वेल्सनं स्टुडिओला पाठवलं होतं. त्या टिपणाबरहुकूम सिनेमा पुन्हा जुळवला गेला १९९८ मध्ये, वेल्स जाऊन तेरा वर्षं झाल्यावर. मी पाच ओळीसुद्धा लिहिल्या नव्हत्या. म्हणून आज हट्टी आहे, आणि तो हट्ट तुझ्यावर लादतोय असं वाटलं तर वाटू दे.

दुसऱ्या सुरुवातीबद्दल फार बोलत नाही. वरून दिसणारं शहर आणि निवेदन. कोण कुठे काय करतंय, काहीच दिसत नाही.

तिसरीच पुन्हा लिही, एका पानात, फोनशिवाय. एक मात्र आधी ठरव: कप विसळून पुसून झाल्यावरही ती तो सोबत का नेते? प्रेक्षकाला आत्ता सांगायचं नाही, पण तुला माहीत हवं. कप पुसताना तिचे हात कुठे थबकतात, ते त्यावर ठरेल.

तुझा,
काका